काचपाळण्यातली धाकटी

ऋजुताचा पुढचा दात पडला, त्याच महिन्यात तिच्या जुळ्या बहिणीचं वजन तीस ग्रॅमनं वाढलं. दोन्ही बातम्या प्रांजलीला एकाच सकाळी कळल्या. दात ऋजुतानं तळहातावर घेऊन दाखवला, आणि वजनाची बातमी मिरजेच्या केंद्रातून फोनवर आली, दर महिन्याला येत असे तशी. प्रांजलीनं दोघींचंही कौतुक केलं. ऋजुता दात कौलावर फेकायला परसात पळाली. डबा भरता भरता प्रांजलीच्या मनात आलं, या गतीनं धाकटीला पहिला दात यायला आणखी सहा वर्षं लागतील, आणि तोवर थोरली वयात यायला लागलेली असेल.

खरं तर दोघींच्या वयात फरक होता तो मिनिटांचा. दोघी एकाच वारेवर वाढल्या होत्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं इतक्या सारख्या होणार होत्या. सांगलीच्या दवाखान्यात ऋजुता आधी आली, हातपाय झाडत, खणखणीत रडत. सगळ्यांचे चेहरे फुलले. तेवढ्यात आतल्या बाळाच्या आधी त्याची नाळच खाली घसरली आणि आईचं हाड नि बाळाचं डोकं यांच्यामध्ये दाबली गेली. डॉक्टरांनी धावाधाव करून सिझर केलं. कुणी हयगय केली असं नव्हतं. पण नाळेतून रक्त पोचत नव्हतं ती मिनिटं गेली ती गेलीच. धाकटी निळसर, सैल, मुकी बाहेर आली. तिचं हृदय चालू केलं गेलं, रडणं मात्र आलं नाही.

अशा बाळाच्या मेंदूला दोनदा मार बसतो, हे प्रांजलीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पहिला प्राणवायू तुटतो तेव्हा. त्यात काही पेशी तिथंच मरतात. पण बऱ्याचशा तग धरतात, बाळ सावरल्यासारखं दिसतं, आणि मग काही तासांनी बिघाडाची दुसरी लाट येते. तग धरलेल्या पेशीही त्यात एकेक करून विझत जातात. पूर्वी बाळाला तीन दिवस थंड ठेवून ही लाट थोडीफार अडवत. मिरजेच्या केंद्रानं त्याच्या पुढचं पाऊल टाकलं होतं. बर्फाळ मुलखातल्या खारी महिनोन् महिने झोपतात, त्यांच्या मेंदूत रक्त जेमतेम फिरत असतं, तरी वसंतात त्या धडधाकट उठतात. त्यांच्या रक्तातली ही किमया ओळखून केंद्रानं नवजात बाळांसाठी संथनिद्रा तयार केली होती. या झोपेत बाहेरचं एक वर्ष म्हणजे बाळाचा जेमतेम पंधरवडा. दुसरी लाट येतच नाही, ती दारात थोपवून धरलेली असते. तेवढ्या अवधीत, नाळेतल्या रक्तापासून वाढवलेल्या नव्या चेतापेशी मेंदूत नेमक्या जागी रुजवायच्या.

त्याच दुपारी धाकटीला मिरजेला हलवलं. प्रांजलीनं तिला पाहिलं ते स्ट्रेचरवरून, मान वळवून, क्षणभर. हातात घेता आलं नाही. आणि त्यानंतरही कधी घेता आलं नाही. काचपाळण्यातल्या गार द्रवात निजलेल्या बाळाला उबदार हात लागला, तर त्या जागच्या पेशी जाग्या होऊ पाहतात, आणि जागं व्हायचं तर सगळ्या देहानं एकदम व्हावं लागतं. म्हणून स्पर्शाला सक्त मनाई होती.

सुरुवातीला डॉ. बेलवलकरांनी सहा महिने सांगितले होते. या संथनिद्रेच्या त्याच मुख्य, शब्द तोलून बोलणाऱ्या. सहा महिन्यांनी गिळण्याचं केंद्र दुरुस्त झालं, तेव्हा त्या म्हणाल्या, अजून थोडं थांबलो तर नजरेचंही जमेल. नजरेचं जमलं. मग वाचेच्या पेशी रुजवायची पद्धत निघाली, तिला दीड वर्ष लागलं. मग उजवा हात. दर वेळी डॉक्टर खरंच बोलत होत्या आणि दर वेळी थांबल्याचा फायदाही होत होता. नाही म्हणायला जागाच नव्हती. अशी सहा वर्षं होत आली.

प्रांजली इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ होती. हंगाम असो नसो, गुरुवारची दुपार तिनं मिरजेसाठी राखली होती. ती काचेशी स्टूल ओढून बसायची. पडद्यावर ठोका उमटायचा, तो इतक्या सावकाश की एक पडल्यावर दुसरा पडतो की नाही अशी शंका यावी. मधल्या वेळात प्रांजलीचा श्वास आपोआप थांबायचा. कधी ती आठवड्यातलं काहीबाही सांगायची. बहुतेक वेळा नुसती बघत राहायची. धाकटीच्या कानामागे एक खळगी होती, ऋजुताच्या होती तशीच. ऋजुताची ती खळगी पुढे केसांत गेली. धाकटीची तिथंच होती. तान्ह्या ऋजुताला पाजताना प्रांजली त्या खळगीला बोट लावायची आणि तिचा दुसरा, रिकामा हात धाकटीला शोधायचा. सहा वर्षांत ती ओढ कमी झाली नव्हती. फक्त तिला घरात जागा झाली होती, कोपऱ्यातल्या कपाटासारखी.

नाव अजून ठेवलं नव्हतं. सन्मितचं म्हणणं, बाळ घरी येऊ दे, मांडीवर घेऊन ठेवू. सन्मित प्रांजलीचा नवरा, इस्लामपूरच्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. पाळण्यावरच्या पाटीवर आडनाव आणि क्रमांक, ‘मगदूम, दोन’, एवढंच होतं.

दात पडल्यानंतरच्या गुरुवारी ऋजुता हट्टानं बरोबर आली. पूर्वीही ती आली होती, पण तेव्हा काचेवर नाक चिकटवून वाकुल्या दाखवायची. या वेळी ती काचेपासून हातभर लांब उभी राहून बघत होती. शाळेत तिच्या वर्गात दोन जुळे भाऊ होते, एकमेकांचे डबे खाणारे, एकमेकांच्या नावानं हजेरी देणारे. तिनं आईकडे वळून शांतपणे सांगितलं, “आई, ही माझी जुळी नाही. हे बाळ आहे.”

सारखी असणारी ती जुळी, एवढं साधं त्या मुलीला कळलं होतं.

पुढच्याच पंधरवड्यात डॉ. बेलवलकरांनी नवरा-बायको दोघांना बोलावलं. त्यांनी पडद्यावर मेंदूचा नकाशा उघडला. बराचसा भाग आता हिरवा होता. उजव्या बाजूला वरती एक पट्टा मात्र राखाडी होता, तिथून पाठीच्या कण्याकडे जाणारे मार्ग तुटलेले होते. आज उठवलं तर ती बघेल, ऐकेल, गिळेल, बहुधा बोलेलही, थोडं उशिरा. डावा हात आणि डावा पाय ताठर राहील. चालणं आधारानं. झटके येण्याची शक्यता थोडी आहे. पण हे मार्ग पुन्हा जोडायची पद्धत प्राण्यांवर साधली आहे. अजून दोन वर्षं, फार तर तीन. मग ती कदाचित धावू शकेल.

सन्मितनं लगेच विचारलं, आणखी तीन वर्षं झोपवण्यात धोका काय. डॉक्टर म्हणाल्या की मेंदूला धोका दिसत नाही, आकडे चांगले आहेत. “पण इतकी वर्षं कुणी न धरलेलं बाळ जगात दुसरं नाही, मगदूम सर. त्याचं काय होतं, ते मला माहीत नाही. माहीत आहे असं सांगितलं तर ते खोटं होईल.”

परतताना गाडीत सन्मित बोलत होता. तीन वर्षं म्हणजे तिच्यासाठी दीड महिना. तिला कळणारही नाही. आणि पुढचं सबंध आयुष्य पायांवर. प्रांजली बाहेरची द्राक्षबागांची जाळी बघत राहिली. त्याच्या म्हणण्यात चूक काय हे तिला सांगता येत नव्हतं.

सन्मित हे अंगवळणी पडलेल्या भीतीतून बोलत होता, हेही तिला ठाऊक होतं. त्याला एक थोरला भाऊ होता, धन्यकुमार, घरात धनू. जन्मताना डोकं अडकलं, चिमट्यानं ओढून काढलं, रडायला फार वेळ लावला. गावानं निदान केलं ते वेगळंच. पोटुशी असताना आईनं ग्रहणात भाजी चिरली, म्हणून पोर असं निपजलं. सासूबाईंनी तो ठपका जन्मभर वागवला. धनू मागच्या खोलीत खाटेवर असायचा, हातपाय पिळवटलेले, बोलणं घशातल्या घशात. ऐन विशीच्या उंबरठ्यावर छातीत कफ होऊन गेला. सन्मित कॉलेजात गेल्यावर त्याला समजलं की ग्रहणाचा काही संबंध नव्हता, बाळंतपणात मेंदूला इजा झाली होती. तो विज्ञानाचा मास्तर झाला तो त्यामुळेच. त्याला आपल्या लेकीची खाट नको होती, एवढंच.

पुढच्या गुरुवारी केंद्राच्या व्हरांड्यात प्रांजलीला हसीना मुजावर भेटली. पहिल्या वर्षी दोघींचे पाळणे शेजारी होते. हसीनानं आपल्या जुनैदला आठ महिन्यांतच उठवलं होतं. तेव्हा नजरेची दुरुस्तीसुद्धा पुरी झाली नव्हती. जुनैद जाड भिंगांचा चष्मा लावून, चाकांच्या आधारगाडीला धरून व्हरांड्यातून येत होता. मध्येच तो पडला. हसीना उठली नाही. त्यानं गाडीचा दांडा चाचपला, धरला, आणि पुन्हा उभा राहिला.

प्रांजलीनं न राहवून विचारलं, घाई केली असं वाटतं का. हसीनानं प्रश्नाचा राग मानला नाही.

“वाटतं की, ताई. तो पडला की वाटतं. मग उठून माझ्याकडं बघून हसतो, तेव्हा विसरते. परत पडला की परत वाटतं. ते काय संपत नाही.” मग ती म्हणाली, “तुम्ही गुरुवारी येता आणि जाता. घरी गेल्यावर हातांचं काय करता?”

प्रांजली घरी आली. जेवणं झाल्यावर ती सन्मितला म्हणाली की आता उठवूया. सन्मित म्हणाला, हे तुला हवंय म्हणून, तिला हवंय म्हणून नाही. प्रांजलीनं ते नाकारलं नाही. मला हवंय, ती म्हणाली, खोटं कशाला बोलू.

“आपण तिच्यासाठी थांबलोय, प्रांजली. एवढे थांबलो, अजून थोडं.”

“आपण कुठं थांबलोय? ऋजू शाळेत गेली. तुझे केस पिकले. माझी बढती झाली, घराला वरचा मजला चढला. थांबलीय ती एकटी.”

“आणि जन्मभर खाटेवर राहिली तर?”

“तर खाटेशी बसेन. काचेशी बसून झालं.”

सासूबाई दाराशीच होत्या, तांदूळ निवडत. या विषयात त्या कधी बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी ताट खाली ठेवलं. सन्मितकडे बघून, आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “तू धनूची खाट बघितलीस, बाळा. लहान होतास. माझी मांडी न्हाई बघितलीस. सकाळी ऊन आलं की मी त्याला मांडीवर घेऊन ओसरीवर बसायची. मोठा झाला तरी घ्यायची, पाय खाली लोंबायचे. त्याला ऊन आवडायचं. कुणी इचारलं असतं की असलं पोर हवं का न्हाई, तर मी काय सांगितलं असतं ठावं न्हाई. पण तो नव्हताच असं मला कुणी म्हणू नये.”

सन्मित उठून परसात गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. उठवूया, असं तो काही म्हणाला नाही. डॉक्टरांना फोन मी करतो, एवढंच म्हणाला.

जागं करायला तीन आठवडे लागले. द्रवाचं तापमान रोज किंचित चढवायचं, खारीच्या रक्तातला झोपवणारा रेणू थोडा थोडा उतरवायचा. दुसऱ्या आठवड्यात पडद्यावरचे ठोके जवळ जवळ यायला लागले. प्रांजलीनं रजा टाकली होती. आता दोन ठोक्यांमध्ये श्वास धरायला सवड मिळत नव्हती, आणि त्याचीच तिला भीती वाटायला लागली. इतकी वर्षं जे संथ आणि सुरक्षित होतं ते आता चालायला लागलं होतं, आणि चालणारी कोणतीही गोष्ट पडू शकते. एका दुपारी एक झटका आला. बाळाचा डावा गाल थरथरला, डॉक्टरांनी औषध दिलं, थोड्या वेळानं तो ओसरला. सन्मित भिंतीला टेकून उभा होता. मी नको म्हणत होतो, असं तो बोलला नाही, आणि त्याबद्दल प्रांजली पुढे कितीतरी दिवस मनातून त्याचे आभार मानत राहिली.

शेवटच्या दिवशी काच उघडली. धाकटीला द्रवातून उचलून, पुसून, गरम कापडात गुंडाळलं. परिचारिकेनं तिची पाठ चोळली. मग ती रडली. ऋजुतासारखं खणखणीत नाही, गंजलेल्या कडीसारखं, अडकत अडकत. डॉ. बेलवलकर चष्मा काढून खिडकीकडे वळल्या.

बाळ प्रांजलीच्या हातात आलं. ते जड होतं. इतकी वर्षं ग्रॅमांत ऐकलेलं वजन असं असतं हे तिला माहीत नव्हतं. तिनं कानामागच्या खळगीला बोट लावलं. ती जागा गरम होती. बाळाची उजवी मूठ उघडत मिटत होती, डावी घट्ट आवळलेली होती, अंगठा आत दुमडून. प्रांजलीनं ती उघडायचा प्रयत्न केला नाही. दोन्ही मुठींसकट तिला छातीशी धरून बसली आणि परिचारिकेनं दोनदा मागितलं तरी दिलं नाही.

बारशाला सन्मितनंच नाव ठेवलं, शाल्मली. ऋजुतानं पाळण्यात वाकून कुर्र केलं आणि मग सगळ्यांना सांगत सुटली की ही माझी जुळी आहे, फक्त उशिरा उठली. लोक हसले. बाळाला पहिले काही महिने कुशीत घेतलं की ते आक्रसायचं, नको नको करायचं. प्रांजली उन्हाळाभर त्याला उघड्या अंगानं अंगाशी धरून बसली. पावसाळा सरता सरता एके दिवशी ते तिच्या खांद्यावर मान टाकून झोपलं.

तीन वर्षांहून थोडं अधिक लोटलं. शाल्मली बसायला लागली, डावा पाय ओढत रांगायला लागली. डाव्या हाताला मालीश, पायाला पट्टा, आठवड्यातून तीनदा व्यायाम. ‘आई’ आणि ‘ऋऊ’ हे दोन शब्द आले. तिसऱ्यासाठी ओठ जुळवताना तिच्या कपाळावर घाम यायचा. झटके अधूनमधून येत. रडू आलं तर प्रांजली कारखान्याच्या प्रयोगशाळेत रडून घ्यायची, घरी नाही.

आणि मग डॉ. बेलवलकरांचा फोन आला. पद्धत साधली होती. इचलकरंजीची एक मुलगी, शाल्मलीच्याच वर्षी जन्मलेली, तशीच नाळ दाबलेली, आठ वर्षं झोपली होती. मार्ग जोडले, उठवलं. इतर मुलं चालतात त्या वयात ती चालत होती. एकदा जाग्या झालेल्या मेंदूवर ही पद्धत अजून चालत नाही, डॉक्टरांनी प्रांजलीनं विचारायच्या आधीच सांगितलं. बघायला यायचं असेल तर या. नाही आलात तरी मी समजू शकेन.

प्रांजली गेली, शाल्मलीला कडेवर घेऊन. काही महिन्यांनी, ती मुलगी तपासणीला आली होती तेव्हा. केंद्राच्या अंगणात ती एका लाल चेंडूमागे धावत होती. चेंडू कुंपणाला लागून परत आला की ती गर्रकन वळायची. वळताना तिच्या टाचा उचलल्या जायच्या. प्रांजलीला काही खोट शोधायची होती, निदान तिच्या डोळ्यांत एखादं रितेपण. तसं काही नव्हतं. मुलगी आईच्या ओढणीत शिरून हसत होती. शाल्मली कडेवरून त्या चेंडूकडे बघत होती, आणि तिचा उजवा हात त्या दिशेनं पुढे झाला होता.

सहा वर्षं प्रांजलीला काचेपलीकडच्या बाळाची ओढ होती. त्या दिवशी अंगणातून परतताना तिला एका वेगळ्याच मुलीची ओढ लागली, कानामागे खळगी असलेल्या आणि टाचा उचलून वळणाऱ्या. ती मुलगी कोणत्याच पाळण्यात नव्हती.

घरी पोचली तेव्हा सन्मित ओसरीवर वह्या तपासत होता. त्यानं विचारलं, कशी आहे ती. धावते, प्रांजली म्हणाली. छान धावते. त्यानं मान हलवली, वह्या बाजूला सारल्या आणि शाल्मलीला मांडीवर घेतलं. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या होत्या. उतरतं ऊन ओसरीवर आलं होतं. आतून ऋजुता बहिणीला हाका मारत होती, आणि शाल्मली उत्तरासाठी ओठ जुळवत होती.

“हिला एक दिवस सगळं कळेल,” सन्मित म्हणाला. “विचारेल आपल्याला, का नाही थांबलात म्हणून.”

“विचारू दे.”

“सांगशील काय?”

प्रांजली त्याच्या शेजारी बसली. शाल्मलीची डावी मूठ तिनं आपल्या तळहातात घेतली. व्यायामानं ती आता थोडी उघडत असे, सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त.

“तुला धरायचं होतं, असं सांगेन.”

सन्मितनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला. मग हळूच, जणू पोरीलाच ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यानं विचारलं, “आणि ती म्हणाली, मग मला कुणासाठी उठवलंत, तर?”